बाहेरून लावलेली कडी



हा लेख लिहावा की नाही, याचा विचार करण्यात माझ्या तीन एकादश्या गेल्या. आपल्या या अंकात आपण नामाविषयी बोलतो, वारीविषयी बोलतो, संतांच्या चरित्रातून आपल्या प्रपंचाला काय घेता येईल ते पाहतो. मला आज ज्या मुलींविषयी सांगायचे आहे, त्या विकल्या गेलेल्या मुली आहेत. शब्द कानाला कठीण लागतो. पण मऊ शब्द शोधायला गेलो की गोष्टच खोटी होते, म्हणून तोच ठेवला.

मी कोण ते आधी सांगतो. छत्रपती संभाजीनगरात सिडको भागात राहतो. उभी नोकरी गाडीवर कंडक्टर म्हणून केली. माळ तरुणपणीच घातली होती, निवृत्तीनंतर हातात टाळही आला. आमचे पंचवीस-तीस जणांचे भजनी मंडळ आहे. दर एकादशीला हरिपाठ होतो आणि नंतर अर्धा तास कोणीतरी निरूपण करते. पुष्कळदा ते मीच करतो. कीर्तनकार म्हणवून घेण्याएवढा माझा अभ्यास नाही. पण पैठण आपल्यापासून पन्नास किलोमीटरवर, नाथषष्ठी कधी चुकवली नाही, त्यामुळे नाथांच्या भागवतातल्या गोष्टी सांगायला मला आवडते. त्या आवडीनेच मला या विषयात ओढले.

मागच्या ज्येष्ठात आमची थोरली नात कॉलेजातून चार मित्रमैत्रिणींना घेऊन घरी आली. त्यांनी कॉलेजात एक गट केला आहे. रद्दी गोळा करून विकतात, दिवाळीत पणत्या रंगवून विकतात, कॉलेजच्या कार्यक्रमात लिंबू सरबताचा गाडा लावतात. जो पैसा जमतो तो अशा मुलींसाठी देतात, ज्यांना फसवून नेले, विकले, आणि ज्या आता सुटून एका निवारागृहात राहतात. पैसा संस्थेच्या खात्यात जातो, त्याची पावती असते. मुलांनी हिशेबाची वही सोबत आणली होती. मी कंडक्टर माणूस. आधी वही पाहिली. पै न पै लिहिलेली होती.

नात म्हणाली, "आबा, आषाढीला सगळं शहर छोट्या पंढरपूरला चालत जातं. आम्हाला रस्त्यात टेबल लावायचंय. त्या ताईंनी शिवलेल्या कापडी पिशव्या ठेवू आणि एक पेटी ठेवू. पण नुसत्या आम्हा पोरांना कोण पैसे देणार? तुमच्या मंडळाच्या पताकेखाली उभं राहू द्या."

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. वाळूजजवळ पंढरपूर नावाचे गाव आहे, तिथे विठ्ठलाचे मंदिर आहे. ज्यांना आषाढीला चंद्रभागेकाठी जाणे होत नाही, ते शहरातून पहाटे निघून नगर नाका, गोलवाडी, तिसगाव फाटा असे चालत तिथे जातात. दहा-बारा किलोमीटरची वाट दिवसभर माणसांनी भरून वाहते.

मी मुलांना शाबासकी दिली आणि सवयीप्रमाणे गोष्ट सांगायला घेतली. विषय तसा होता म्हणून मला पिंगला आठवली. एकादश स्कंधात अवधूताने चोवीस गुरू सांगितले, त्यांत विदेह नगरीतली पिंगला नावाची वेश्या आहे. ती नटूनथटून दारात उभी राहिली. मध्यरात्र झाली, गिऱ्हाईक आले नाही. आत-बाहेर करता करता तिला कळले की दुःख हे आशेचेच आहे. तिने आशा सोडली आणि ती सुखाने झोपली. नाथांनी हा प्रसंग फार रंगवून सांगितला आहे, आणि मीही मंडळात तो कितीदा तरी सांगितला आहे.

गटातली एक मुलगी शांतपणे ऐकत होती. गोष्ट संपल्यावर तिने विचारले, "आजोबा, पिंगलेला दार लावून झोपता आलं. ज्या मुलीच्या दाराची कडी बाहेरून लावलेली असते, तिनं काय करायचं?"

माउली, मला उत्तर आले नाही. चहा घ्या म्हणालो. मंडळाला विचारून सांगतो म्हणालो. मुले गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्याचे कारण नुसता तो प्रश्न नव्हता.

गोष्ट १९९५-९६ ची असावी. मार्गशीर्षातली थंडी होती. मी रात्रीच्या पुण्याच्या गाडीवर होतो. तेव्हाच्या औरंगाबादेत गाडी भरली, तेव्हा एक चाळिशीचा माणूस आणि त्याच्यासोबत चौदा-पंधरा वर्षांची मुलगी मागच्या बाकावर बसली. मुलीच्या पायात नव्या कोऱ्या चपला, मापाला मोठ्या. मी तिकिटाला गेलो. माणूस न विचारता म्हणाला, "भाची आहे. पुण्याला कामाला लावतोय." मी काही विचारले नव्हते. मी दोन तिकिटे काढली, चिमट्याने भोके पाडली आणि पुढच्या बाकाकडे वळलो.

नेवासा फाट्याच्या पुढे गाडी चहाला थांबली. तो माणूस खाली उतरला. मी पेटी आवरत होतो, तर ती मुलगी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "काका, ही गाडी परत कधी जाती?"

"सकाळी," मी म्हणालो.

"तिकीट किती बसतं?"

मी आकडा सांगितला. तिने मूठ उघडून पाहिली. मुठीत काही नव्हते. तेवढ्यात तो माणूस चहाचा ग्लास घेऊन आला आणि ती जागेवर जाऊन बसली. पहाटे शिवाजीनगरला ती दोघे उतरली. गर्दीत जाताना तिने एकदा मागे वळून गाडीकडे पाहिले.

कदाचित ती खरेच भाची असेल. कदाचित ती कोणाच्या घरी धुणीभांडी करून सुखाने मोठी झाली असेल. तिचे काय झाले हे मला कधीच कळणार नाही. मला एवढेच ठाऊक आहे की मनात पाल चुकचुकली होती आणि मी विचारले नाही. गाडीत पंचेचाळीस माणसे होती, ड्रायव्हर होता, वाटेत पोलीस चौकी होती. मी हिशेब जुळवला. माझ्या वे-बिलात त्या रात्री सगळे बरोबर होते.

तीस वर्षांत मी ही गोष्ट घरातही सांगितली नव्हती. दुसऱ्या दिवशी नातीला सांगितली. ती रागावेल असे वाटले होते. ती म्हणाली, "आबा, आता तरी बघूया ना." मग तिने आणि तिच्या मित्रांनी मला जे समजावून दिले, ते तुम्हालाही समजावे म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, मुलगी बहुधा कोणी तोंड दाबून पळवून नेत नाही. ओळखीचे माणूसच नेते. नोकरी लावतो म्हणतो, लग्न करतो म्हणतो, शहरात मोठ्या घरी काम आहे म्हणतो. आपल्या मराठवाड्याला तर हे वेगळे सांगायला नको. दुष्काळ पडला, पीक गेले की मुकादमाची उचल घ्यायची आणि दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन ऊसतोडीला निघायचे. मागे वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवायची? म्हणून तिचे लग्न लवकर उरकायचे. नवरा कोण, गाव कोणते, याची चौकशीही कधी होत नाही. हुंडा नको, लग्नाचा खर्चही आम्हीच करतो, असे म्हणणारे स्थळ देवाने पाठवले असे वाटते. सगळीच स्थळे तशी नसतात. पण फसवणाऱ्याला गरज कुठे आहे ते बरोबर कळते.

दुसरी गोष्ट, मानवी तस्करी म्हणजे केवळ देहविक्रय नव्हे. उचलीच्या कर्जात माणसाला जुंपून ठेवणे, लेकराला भीक मागायला लावणे, घरकामाला नेऊन कोंडून ठेवणे, हेही त्यातच येते. आपल्या संविधानाच्या २३ व्या कलमाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार या दोन्हींना एकाच ओळीत मनाई केली आहे. १९५६ पासून अनैतिक व्यापार रोखण्याचा कायदा आहे, १९७६ पासून वेठबिगारीविरुद्धचा कायदा आहे. आणि आता भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमात एक वाक्य आहे, जे मी मुलांकडून दोनदा वाचून घेतले. जिची तस्करी झाली तिची संमती होती का, हा प्रश्न गुन्हा ठरवताना विचारातच घ्यायचा नाही. "ती आपल्या पायाने गेली" असे आपण किती सहज म्हणतो! आपल्या पायाने तर ती माझ्याही गाडीत चढली होती.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जड गेली. मुलगी सुटली म्हणजे सुटका झाली असे नाही. तिला घरी पाठवायचे तर घर घेतेच असे नाही. गावात काय सांगू, धाकटीचे लग्न कसे होईल, या भीतीने आई-बाप दार लावून घेतात. तिच्याकडे कागद नसतो, हातात कला नसते, आजारपण असते. न्यायालयात साक्ष द्यायला दोन-दोन, तीन-तीन वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यात जावे लागते. ती गेली नाही तर नेणारा सुटतो. मुलांचा पैसा कशाला लागतो, असे मी विचारले होते. शिलाई मशीन, औषध, खोलीची अनामत, आणि तारखेला जाण्या-येण्याचे भाडे. २०२३ पासून लालपरीत बायकांना अर्धे तिकीट आहे, तरी दोघींचे जाणे-येणे, राहणे, जेवण धरले की रक्कम होतेच. शासनाचीही गृहे आहेत. पूर्वीच्या उज्ज्वला आणि स्वाधार या योजना एकत्र करून आता त्यांना शक्ती सदन म्हणतात. पण सरकारी चौकटीत न बसणारे लहानसहान खर्च कोणीतरी उचलावेच लागतात.

आता मंडळाकडे वळतो. पुढच्या एकादशीला हरिपाठ झाल्यावर मी विषय काढला. सगळे एकदम हो म्हणाले असे सांगितले तर ती थाप होईल. एकजण म्हणाले, "पेटी ठेवा, पण आपल्या पताकेखाली कशाला? लोक काय म्हणतील?" दुसरे म्हणाले, "ज्याचं त्याचं कर्म असतं." तिसऱ्यांचा प्रश्न सरळ होता, "कॉलेजच्या पोरांच्या हातून असं काय मोठं होणार?"

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. १९८९ साली तेव्हाच्या अहमदनगरात गिरीश कुलकर्णी नावाच्या तरुणाने विद्यार्थिदशेतच लालबत्ती वस्तीतल्या मुलांसाठी काम सुरू केले. त्यातून स्नेहालय उभे राहिले. आज तिथे शेकडो लेकरे आणि बाया आधाराला आहेत. आपल्या शहरातून पुण्याला जाणारी गाडी त्याच नगरावरून जाते. त्याच्या तीन वर्षे आधी, १९८६ मध्ये, मुंबईत प्रीती पाटकर यांनी कामाठीपुऱ्यात प्रेरणा सुरू केली. आया रात्री धंद्याला उभ्या असताना त्यांची लेकरे कुठे झोपणार, एवढा एक प्रश्न त्यांनी धरला आणि रात्रीचा निवारा उघडला, म्हणजे आईचे नशीब लेकीकडे जाऊ नये. मोठी कामे अशी एकेका लहान प्रश्नापासून सुरू झालेली आहेत.

कर्माच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला संतांकडेच मागावे लागले. आणि तेव्हा मला कळले की मी इतकी वर्षे चुकीची गोष्ट सांगत होतो. गोष्ट पिंगलेची नव्हतीच. कान्होपात्रेची होती.

कान्होपात्रा मंगळवेढ्याची. आई श्यामा, गणिका. आईचाच व्यवसाय मुलीने करावा अशी रीत. मुलगी नाकारते. दारावरून पंढरीला निघालेल्या वारकऱ्यांच्या मागे ती चालू लागते आणि विठ्ठलापाशी राहते. तिच्या रूपाची कीर्ती बिदरच्या बादशहाच्या कानी जाते. त्याची माणसे तिला न्यायला येतात. ती म्हणते, एकदा देवाला भेटून येते. गाभाऱ्यात जाते, पायांवर डोके ठेवते, आणि तिथेच तिचा प्राण जातो. वाघाने धरलेल्या पाडसाची उपमा तिने स्वतःला घेतली आहे. माउली, तिच्या अभंगांत पश्चात्ताप शोधून पाहा. पश्चात्ताप कशाचा करायचा? तिने काही केलेलेच नव्हते. तिथे आहे ती आर्त हाक, मला यांच्या हाती देऊ नकोस म्हणून.

पिंगलेला वैराग्य हवे होते, कान्होपात्रेला आसरा हवा होता. सुटून आलेल्या मुलीला आपण पिंगलेची गोष्ट सांगतो, म्हणजे न केलेल्या पापाची क्षमा मागायला लावतो. नाथांनी पिंगलेला गुरूंच्या पंगतीत बसवले, ते तिचा मान वाढवायला. आपण तीच गोष्ट दुसऱ्या बाईचा मान उतरवायला वापरली, तर तो दोष गोष्टीचा नाही, सांगणाऱ्याचा आहे. माझा आहे.

आणखी एक पाहा. नामदेवराय पायरीशी आहेत. चोखोबा महाद्वारासमोर आहेत. आणि कान्होपात्रा मंदिराच्या आवारात आत आहे, तिथे तिचे तरटीचे झाड आपण सगळ्यांनी पाहिले आहे. तिच्या नावामागे कोणा गुरूची परंपरा सांगितली जात नाही, कुळाचा आधार नाही. ज्या मुलीला जगाने दारात उभे केले असते, तिला आपल्या संप्रदायाने आत ठेवले. हा आपला वारसा आहे.

पण याच जागी मला एक गोष्ट टोचते, आणि तुमच्यापुढे ती बोलून दाखवतो. देवाने कान्होपात्रेला आपल्या पायाशी घेतले, हे आपण मोठ्या प्रेमाने सांगतो. तिला मरायला देवापाशी जागा मिळाली. जगायला मात्र माणसांपाशी मिळाली नाही. त्याच पंढरीत तिच्या कितीतरी आधी दुसरी एक मुलगी आली होती. आपल्या मराठवाड्यातलीच, गंगाखेडची जनी. बापाने तिला दामाशेटींच्या घरी सोडले. दासी म्हणून का होईना, पण तिला एक घर मिळाले. त्या घरात नाम होते, नामदेवांची माया होती. ती जनाबाई झाली, आपल्या घराघरांत जात्यापाशी पोहोचली. दोघींचा देव एकच होता. एकीला वेळेवर एक उंबरठा मिळाला, एकीला मिळाला नाही. मग कर्म कोणाचे म्हणायचे? त्या मुलींचे, की उंबरठ्याच्या आत बसलेल्या आपले?

मी एवढे बोललो आणि बसलो. थोडा वेळ कोणी बोलेना. मग आमच्यातल्या सर्वांत वयस्कर माई, ज्यांनी पंढरीची पायी वारी कधी चुकवली नाही, त्या म्हणाल्या, "वाटेत माणूस भेटलं की आपण पाया पडतो. मागलं विचारून पडतो का?" पताकेचा प्रश्न तिथेच मिटला. दोघेजण मात्र उठून गेले. ते अजून एकादशीला येत नाहीत. त्यांची मला आठवण येते. टाळ चांगला वाजवत.

आषाढीच्या दोन दिवस आधी नातीचा आणखी एक निरोप आला. निवारागृहातल्या तिघींना चालत यायचे आहे, संस्थेची परवानगी आहे. पण तीन गोष्टी पाळायच्या. नाव विचारायचे नाही, फोटो काढायचा नाही, आणि कोण कुठली हे शोधायचे नाही. कायदाही अशा मुलींची ओळख उघड करू देत नाही, हे तेव्हा मला समजले.

एकादशीला पहाटे आम्ही नगर नाक्यावर जमलो. पावसाची भुरभुर होती. मुलांच्या गटातल्या दहा-बारा पोरी आल्या, सगळ्यांच्या कपाळी बुक्का, खांद्याला त्याच कापडी पिशव्या. त्यांतल्या तिघी कोणत्या ते मला कळले नाही. खरे सांगतो, पहिला अर्धा कोस मी शोधत होतो. ही असेल का, ती गप्प आहे ती असेल का. मग माझीच मला लाज वाटली आणि मी टाळाकडे लक्ष दिले. माईंनी मात्र काही शोधले नाही. त्या एकेकीपुढे वाकल्या, "माउली" म्हणून पायाला हात लावला, आणि सगळ्या पोरींनी उलट वाकून त्यांच्या पायाला हात लावला. बारा जणींमध्ये त्या तिघी होत्या. कोणत्या, हे मला आजही माहीत नाही. वारीचे पांढरे कपडे आणि बुक्का कशासाठी असतो, हे मला माळ घालून चाळीस वर्षांनी त्या दिवशी समजले.

तिसगाव फाट्यापाशी मुलांनी टेबल लावले. माणसे थांबत, विचारत. कोणी पिशवी घेई, कोणी नुसते पेटीत टाकून पुढे जाई. एक भाजीवाली बाई दहाची नोट टाकून म्हणाली, "माझीबी पोरगी पुण्याला कामाला हाय. जाऊन बघून येते एकदा." मला वाटते, त्या दिवशीची सर्वांत मोठी जमा ती होती. संध्याकाळी पेटी मोजली. कंडक्टरचा हात, चिल्लर मीच मोजली. अठरा हजार आणि वर काही रुपये झाले. दुसऱ्या दिवशी बँकेत भरले, पावती मंडळाच्या फायलीत लावली.

तेव्हापासून मी एक नेम धरला आहे. दर महिन्याला पेन्शन आली की पुण्याच्या एका परतीच्या तिकिटाचे पैसे बाजूला काढून मुलांच्या हाती देतो. कोणाच्या तरी तारखेला ते उपयोगी पडतात. त्या रात्रीचे तिकीट यामुळे फिटते असे मी समजत नाही. ते फिटणार नाही. पण "ही गाडी परत कधी जाती?" या प्रश्नाला आता माझ्याकडे काहीतरी उत्तर आहे.

माउली, तुम्हाला माझे तीन मागणे आहेत.

वारीला निघाल, यात्रेला जाल, गाडीत बसाल, तेव्हा डोळे उघडे ठेवा. एखादे लेकरू सोबतच्या माणसाला घाबरून असेल, त्याला आपण कुठे चाललो हे सांगता येत नसेल, त्याच्या वतीने दुसराच बोलत असेल, तर स्वतः भांडायला जाऊ नका. १०९८ ला फोन करा. बाईसाठी १८१ आहे, आणि कोणत्याही घाईच्या वेळी ११२. तुमची शंका खोटी ठरली तर फार तर थोडे ओशाळाल. खरी ठरली तर एक जीव परत येईल. रेल्वे पोलीस, यात्रेतले मदत केंद्र, गाडीचा कंडक्टर, कोणालाही सांगा. माझ्यासारखा कंडक्टर भेटला तर दुसऱ्याला सांगा.

दुसरे, गावात ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली मुलगी सहा महिने आपल्या घरी ठेवून घेता आली तर घ्या. तिची शाळा सुटू देऊ नका. दामाशेटींनी केले ते यापेक्षा फार वेगळे नव्हते.

आणि तिसरे, अशी कोणी परत आली तर तिला गोष्ट सांगू नका. तिची गोष्टही विचारू नका. पाणी द्या, बसायला द्या, जेवायची वेळ असेल तर पंगतीत पान वाढा.

त्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी पुढे तिला दिले. म्हणालो, "बाळ, कडी बाहेरून लावलेली असेल, तर ती आतल्या मुलीला निघणार नाही. बाहेरून जाणाऱ्यानेच ती काढली पाहिजे." ती हसली आणि म्हणाली, "आजोबा, म्हणूनच तर पेटी घेऊन आलो होतो."

रामकृष्ण हरी.